नाव बदलण्याचा हक्क आपला, नावाआड लपण्याची सोय कुणालाच नको



नाव बदलणं ही आपल्या चळवळीसाठी नुसती कागदोपत्री बाब कधीच नव्हती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. एका नावासाठी एवढी किंमत मोजलेल्या समाजाला नावाचं मोल कुणी शिकवायला नको. ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ या निबंधात बाबासाहेबांनी अस्पृश्य माणूस गावाबाहेर पडला की आपली ओळख का झाकतो, वेगळं नाव का सांगतो, याची चर्चा केली आहे. जुनं नाव उच्चारलं की समोरच्याची वागणूक बदलते, म्हणून तो नाव बदलतो. दोष नाव बदलणाऱ्याचा नसतो, वागणूक बदलणाऱ्याचा असतो.

म्हणूनच ‘नाव बदलण्यावर बंधनं आणा’ असं कुणी म्हटलं की आपले कान टवकारतात. टवकारलेच पाहिजेत. आणि तरीही आज मी एका बंधनाच्या बाजूने लिहितो आहे. लैंगिक गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला नाव बदलून पोलिसांच्या आणि समाजाच्या नजरेतून निसटता येऊ नये, अशी माझी मागणी आहे. पण हे बंधन कसं असावं आणि कसं अजिबात नसावं, यावर आपणच आधी बोललं पाहिजे. आपण बोललो नाही तर दुसरे कुणीतरी नियम करतील आणि त्याचा फटका आपल्या पोरांना बसेल.

वाद सुरू कुठून झाला

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत दर रविवारी मी लोकांना राजपत्रात नाव बदलण्याचे अर्ज भरून देतो. शपथपत्र, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, फी, एवढं जमवलं की काही दिवसांनी राजपत्राची प्रत हातात येते. येणारे बहुतेक तरुण असतात. कुणाला जातवाचक आडनाव टाकायचं असतं. कुणाच्या दाखल्यावर मास्तरांनी आजोबांचं नाव ‘धोंड्या’, ‘दगडू’ असं हेटाळणीने लिहिलेलं असतं, ते सुधारायचं असतं. घटस्फोट झालेल्या बाया सासरचं नाव काढायला येतात. एकदा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीवर अत्याचार झाला होता आणि कायद्याने नाव गुप्त ठेवायचं असूनही ते गावभर झालं होतं. शहरातल्या नव्या शाळेत मुलीला नव्या नावाने जायचं होतं. त्या दिवशी मी अर्ज भरताना ‘नाव बदलण्याचं कारण’ या मुद्द्यावर बराच वेळ थांबलो. काय लिहायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरचा अत्याचार उघड झाला आणि राज्य पेटून उठलं. तेव्हा आमच्या तालुक्याच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर एक मागणी फिरू लागली. ज्याच्यावर कसलाही गुन्हा दाखल असेल त्याला नाव बदलू देऊ नका आणि नाव बदलणाऱ्या प्रत्येकाची पोलीस ठाण्यामार्फत चौकशी करा. अनेकांनी अंगठे दाखवले. संताप खरा होता, मागणी मात्र घातक होती. तिथे मी चार ओळींत विरोध नोंदवला. हा लेख म्हणजे त्या चार ओळींचा विस्तार आहे.

ब्रिटनचा अनुभव

हा प्रश्न सर्वात जास्त गाजला तो ब्रिटनमध्ये. तिथे लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीची पद्धत १९९७ च्या कायद्याने सुरू झाली आणि २००३ च्या ‘सेक्शुअल ऑफेन्सेस ॲक्ट’ने ती पक्की केली. दोषी ठरलेल्याने आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख पोलिसांकडे नोंदवायची. नाव किंवा पत्ता बदलला तर तीन दिवसांत कळवायचं. तीस महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल तर हे बंधन साधारणपणे आयुष्यभराचं. न कळवणं हाही गुन्हा आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद.

कागदावर हे कडक दिसतं. भोक आहे ते ‘कळवायचं’ या शब्दात. कळवण्याची जबाबदारी कुणाची? गुन्हेगाराचीच. आणि तिकडे नाव बदलणं फार सोपं आहे. ‘डीड पोल’ नावाचा साधा दस्तऐवज दोन साक्षीदारांसमोर सही करून घरच्या घरी करता येतो. तो कुठल्या मध्यवर्ती दप्तरात नोंदवलाच पाहिजे असंही नाही. त्या कागदावर नव्या नावाचा वाहन परवाना मिळतो, पासपोर्ट मिळतो. मग मुलांसोबतच्या नोकरीसाठी अर्ज करताना पूर्वीची सगळी नावं लिहा असं विचारतात, तेव्हा तो जुनं नाव लिहीतच नाही. नव्या नावाची तपासणी होते आणि पाटी कोरी निघते.

लहानपणी अत्याचार सोसलेल्या डेला राइट या बाईंनी स्वतःची गुप्तता सोडून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्याने अनेकदा नाव बदललं होतं. ‘डेलाज लॉ’ या नावाने मोहीम उभी राहिली. रॉदरहॅमच्या मजूर पक्षाच्या खासदार सारा चॅम्पियन यांनी तो विषय संसदेत लावून धरला, हुजूर पक्षाचे मार्क फ्लेचर यांनीही तो मांडला. २०२४ मध्ये एका विधेयकातून तरतूद होण्याच्या बेतात होती, तेवढ्यात सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली आणि विधेयकच बारगळलं. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या ‘क्राइम अँड पोलिसिंग’ विधेयकात ती पुन्हा आली. नवं नाव वापरण्याच्या आधीच पोलिसांना कळवायचं, आणि ज्यांच्याकडून धोका वाटतो त्यांना पोलिसांच्या परवानगीशिवाय नव्या नावाची ओळखपत्रं मिळू द्यायची नाहीत.

याच देशातली आणखी एक घटना आपण लक्षात ठेवायला हवी. ऑगस्ट २००२ मध्ये सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयान हंटली हा तिथल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध आधीच्या गावी लैंगिक स्वरूपाच्या अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण त्यांतल्या एकाही तक्रारीत शिक्षा झालेली नव्हती. नोकरी धरताना तो आईच्या माहेरचं ‘निक्सन’ हे आडनाव वापरत होता. चौकशीसाठी नेमलेल्या बिचर्ड समितीच्या मते पोलिसांनी संगणकावर तपासणी केली ती जवळपास नक्कीच ‘निक्सन’ या एकाच नावाने. ‘हंटली’ या नावाने शोध घेतलाच नाही. या प्रकरणातून दोन धडे मिळतात. एक, नावावर उभी असलेली तपासणी नावासोबतच कोसळते. दुसरा, शिक्षाच झाली नसेल तर यादी कितीही मोठी असली तरी त्यात तो माणूस नसतो. या दुसऱ्या धड्याकडे मी पुन्हा येतो.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पॉक्सो, छेडछाड अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची नावं, पत्ते, फोटो, बोटांचे ठसे तिच्यात आहेत. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो आणि ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, तुम्हाला-मला नाही.

पण सुटून आलेल्या माणसाने नाव बदललं तर पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं ब्रिटनसारखं बंधन आपल्याकडे नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५६ होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३९४ म्हणून आलं. पुन्हा दोषी ठरलेल्या काही गुन्हेगारांना सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता कळवत राहण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. त्यात बंधन पत्त्याचं आहे, नावाचं नाही. तेही पुन्हा शिक्षा झाली तरच, आणि न्यायालयाला वाटलं तरच.

दुसऱ्या बाजूला पॉक्सो नियम, २०२० म्हणतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी केली पाहिजे. नियम चांगला आहे. पण खेड्यातल्या आश्रमशाळेत, वसतिगृहात, शिकवणी वर्गात ही पडताळणी कशी होते? आधी होतच नाही. झालीच तर ठेकेदार आधारची झेरॉक्स देतो, ठाण्यातला अंमलदार त्या नावावर काही आहे का ते आपल्या ठाण्यापुरतं बघतो आणि शिक्का मारतो. राजपत्रात नवं नाव घेऊन, आधार बदलून, दुसऱ्या जिल्ह्यात भाड्याने खोली घेतलेला माणूस या चाळणीतून अलगद खाली पडतो. आणि त्या आश्रमशाळेत, त्या वसतिगृहात कुणाची लेकरं असतात? आदिवासींची, भटक्यांची, ऊसतोड कामगारांची, आपली. श्रीमंतांच्या शाळेत सुरक्षेसाठी एजन्सी नेमतात. आपल्या मुलींचं संरक्षण त्या एका शिक्क्यावर अवलंबून असतं. म्हणून हा प्रश्न ‘वरच्यांचा’ आहे असं समजून सोडून देता येणार नाही.

सगळ्यांना ठाण्याच्या दारात उभं करू नका

आता त्या ग्रुपवरच्या मागणीकडे येऊ. नाव बदलणाऱ्या प्रत्येकाची पोलीस चौकशी झाली तर काय होईल? जातवाचक आडनाव टाकायला निघालेला पोरगा ठाण्यात जाईल. अंमलदार विचारेल, “का रे, आडनावाची लाज वाटते का?” दहा चकरा होतील, चहापाणी होईल. अर्ध्या लोकांचा नाद सुटेल. गावातल्या ज्यांना ‘हे आता आपल्यासारखी आडनावं लावायला लागले’ म्हणून पोटशूळ उठतो, त्यांनाही ठाण्यातून खबर मिळेल.

२०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन भावांचं प्रकरण आलं होतं. वडिलांनी जातीवरून होणाऱ्या त्रासामुळे ‘मोची’ हे आडनाव सोडून ‘नायक’ घेतलं होतं. मुलांच्या सीबीएसई प्रमाणपत्रावर वडिलांचं नवं नाव लिहायला मंडळ तयार नव्हतं. न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. ओळखीचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि जातीमुळे कलंक लावणारं आडनाव माणसावर लादता येत नाही, असा त्याचा आशय होता. त्याआधी २०२१ मध्ये जिग्या यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नावावरचा हक्क अभिव्यक्ती स्वातंत्र्याशी जोडला. तिथे न्यायालयाने अत्याचारपीडित अल्पवयीन मुलीचंच उदाहरण घेतलं. तिची ओळख फुटली असेल आणि तिला नवं नाव घेऊन पुन्हा उभं राहायचं असेल, तर तिला जुन्या नावाला बांधून ठेवणं म्हणजे जखम भरू न देणं. माझ्याकडे आलेल्या त्या आई-लेकीचा अर्ज भरताना मला हाच निकाल आठवत होता. लिंगओळख बदलणाऱ्या तृतीयपंथी बांधवांचाही हाच प्रश्न आहे. गुन्हेगाराला अडवायच्या नावाखाली पीडितेचीच वाट बंद झाली तर त्याला न्याय म्हणायचं का?

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. ‘गुन्हा दाखल असलेला’ आणि ‘दोषी ठरलेला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भीमा कोरेगावनंतर ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये राज्यभर आपल्या किती तरुणांवर गुन्हे दाखल झाले हे हा लेख वाचणाऱ्यांना सांगायला नको. तुमच्यातल्या काहींच्या तारखा अजून सुरू असतील. नुसत्या गुन्ह्याच्या नोंदीवर हक्क काढून घ्यायला आपण आज टाळ्या वाजवल्या, तर उद्या तोच नियम आपल्यावर चालेल.

आणि यादी म्हटलं की इतिहास आठवलाच पाहिजे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी, भामटा अशा अख्ख्या जमातींची जन्मावरून नोंदणी केली, हजेऱ्या लावल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात कोंडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लोक विमुक्त झाले, पण सराईत गुन्हेगार कायद्यांच्या रूपाने तीच नजर मागे उरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाका असा आदेश द्यावा लागला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षं तो रकाना होताच. तेव्हा कुठलीही यादी न्यायालयाने सिद्ध केलेल्या कृत्यावर उभी हवी. जन्मावर, वस्तीवर, संशयावर उभी असलेली यादी आपण फाडूनच टाकली पाहिजे.

“आपल्या गावात कोण नाव लपवतो?”

हा आक्षेप एका ज्येष्ठ कार्यकर्त्या ताईंनी घेतला आणि तो बिनतोड आहे. त्या म्हणाल्या, “अरे, आपल्या बायकांवर हात टाकणारा नाव बदलत नाही. तो नाव सांगून येतो.” खरं आहे. २००६ मध्ये खैरलांजीत जे घडलं त्यात कुणी नाव लपवलं नव्हतं. आठ जण दोषी ठरले, पण न्यायालयाने ना ॲट्रॉसिटी कायदा लावला, ना लैंगिक अत्याचार सिद्ध मानला. म्हणजे खैरलांजीचा एकही गुन्हेगार लैंगिक गुन्ह्यातला दोषी म्हणून कुठल्या यादीत बसत नाही. बिल्किस बानो प्रकरणातले अकरा दोषी १५ ऑगस्ट २०२२ ला सुटले तेव्हा त्यांना हार घातले, पेढे भरवले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, पण हार घालणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. दरवर्षीची सरकारी आकडेवारीही सांगते की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो.

हंटलीच्या प्रकरणातला दुसरा धडा तो हाच. आधी गुन्हा नोंदवला गेला पाहिजे, तपास नीट झाला पाहिजे, शिक्षा झाली पाहिजे. ॲट्रॉसिटीची कलमं लावायला टाळाटाळ करणारं ठाणं तसंच राहिलं तर नावांच्या याद्या म्हणजे भिंत न बांधता दाराला लावलेलं कुलूप आहे. ताईंचं म्हणणं मी शंभर टक्के मान्य करतो. पण त्यातून ‘मग कुलूपच नको’ हा निष्कर्ष निघत नाही. ज्याला शिक्षा झाली, जो सुटला, आणि जो आता अनोळखी जिल्ह्यात, अनोळखी मुलांमध्ये नव्या नावाने जायला निघाला आहे, त्याच्यासाठी हे कुलूप लागतं. गावातल्या मुजोराशी लढाई वेगळी आहे, ती चालूच राहील.

दुसरा आक्षेप तरुणांचा. शिक्षा भोगली ना, मग माणसाला सुधारायची संधी द्यायची की नाही? आपण तर बुद्धाला मानतो. जरूर द्यायची. पण अंगुलिमालाची कथा नीट आठवा. तो भिक्खू झाला, पूर्ण बदलला. राजा प्रसेनजित त्याच्या शोधात भगवंतांकडे आला, तेव्हा भगवंतांनी त्याला नव्या चीवराआड लपवलं नाही. हात करून राजाला दाखवलं की हाच तो अंगुलिमाल. राजा घाबरला, पण सत्य त्याच्यासमोर होतं आणि भिक्खूचं बदललेलं वर्तनही. ज्याला खरोखर बदलायचं आहे त्याला नवं नाव मिळायला हरकत नाही. जुनं काय होतं हे ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांच्यापासून लपवायची सोय मात्र त्याला नको.

मग मागायचं काय

एक, नजर नावावर न ठेवता माणसावर ठेवा. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांचे ठसे, बुबुळं यांच्या नोंदी ७५ वर्षं जपण्याचा अधिकार सरकारने घेतला आहेच. एवढा मोठा अधिकार हातात असताना शाळेच्या शिपायाची पडताळणी आधारच्या झेरॉक्सवर का? मुलांसोबत काम करणाऱ्याची तपासणी ठशांवरून करा.

दोन, लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने नाव बदलण्याआधी कळवण्याचं बंधन कायद्यात आणा, ठरावीक मुदतीचं आणि न्यायालयाकडे दाद मागता येईल असं.

तीन, राजपत्राच्या अर्जातच या गुन्ह्यांतल्या शिक्षेबद्दल शपथेवर एक प्रश्न ठेवा आणि पडताळणी आतल्या आत, कार्यालयाने माहितीसूचीशी करावी. बाकी कुणालाही ठाण्याची पायरी चढायला लावू नका.

चार, शाळेला किंवा वसतिगृहाला उत्तर फक्त ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढंच मिळावं. जुनं नाव, जुनी जात, जुनं लिंग यांतलं काहीही संस्थेला कळता कामा नये. ब्रिटनमध्ये तृतीयपंथी अर्जदारांना आपलं पूर्वीचं नाव मालकाला न कळवता थेट तपासणी यंत्रणेला सांगता येतं. म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

पाच, यादी लोकांसाठी खुली करा ही मागणी आपण करायची नाही. आपल्या देशात नुसत्या अफवेवर जमाव माणसं मारतो. २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात भटक्या समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. खुली यादी अशा जमावाच्या हातात गेली तर पहिला बळी कोण जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

तोवर एक काम आपल्याला आजच करता येईल. तुमच्या तालुक्यातल्या आश्रमशाळा, वसतिगृहं आणि शिकवणी वर्ग यांनी पॉक्सो नियमांप्रमाणे कर्मचाऱ्यांची पडताळणी केली का, कधी केली, ठेकेदाराच्या माणसांची केली का, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तर आलं नाही तर अपील करा. शिक्षणाधिकारी, प्रकल्प अधिकारी, समाजकल्याणचे सहायक आयुक्त यांना निवेदनं द्या. बाकी ज्यांना आपलं आडनाव बदलायचं आहे त्यांनी बिनधास्त रविवारी या. अभ्यासिका सकाळी दहाला उघडते.

जय भीम! जय संविधान!